दीड इंचाचे मोल

वस्तू आखूड झाली की ती स्वस्त व्हावी, हा कापडबाजारातला आणि लाकडाच्या वखारीतला साधा न्याय आहे. अमेरिकेतील बंदुकांच्या बाजारात तो उलटा चालतो. तेथील सामान्य नागरिकाला आखूड नळीची रायफल लांब नळीच्या रायफलीपेक्षा महाग पडते आणि मिळते ती मोठ्या खटाटोपाने. टेक्सासात स्थायिक झालेल्या आमच्या एका पुतण्याच्या बोलण्यातून हा विषय आमच्या कानी आला. त्यानंतर आम्ही जे वाचले, त्यात बंदुकीपेक्षा कायद्याच्या स्वभावाचीच ओळख अधिक घडली.

कारागिरीचा काही भाग या किमतीत आहे, हे खरे. नळी आखूड झाली की दारूच्या वायूला काम करण्यास मिळणारा अवधी घटतो, आणि पुढचे काडतूस आपोआप भरणारी यंत्रणा नव्याने जुळवावी लागते. पण तेवढ्याने तफावत उलगडत नाही. तिचे मूळ 1934 सालच्या ‘नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट’मध्ये आहे.

दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनी अमेरिका हादरलेली होती. त्या वेळचे अ‍ॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी पुढे आणलेल्या मसुद्यात मशीनगनींबरोबर पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती. आता पिस्तुलावर बंधन आले, तर कोणीही रायफलीची नळी करवतीने कापून ती कोटाखाली लपवील. म्हणून आखूड नळीच्या रायफली आणि छर्‍याच्या बंदुकाही त्यात घातल्या गेल्या. पुढे विरोध झाला आणि पिस्तुले मसुद्यातून वगळण्यात आली. त्यांच्यासाठी घातलेली पुरवणी मात्र तशीच राहिली. दार काढून नेले. अडसर भिंतीतच राहिला.

हा अडसर इंचांत मोजला जातो. रायफलीची नळी प्रारंभी 18 इंचांहून कमी नसावी असे होते; 1960 पासून ही मर्यादा 16 इंच आहे, आणि एकूण लांबी 26 इंच. त्याखालची रायफल बाळगायची तर सरकारदरबारी नोंदणी आणि 200 डॉलर कर. थॉम्प्सन बनावटीच्या सबमशीनगनची त्या काळची किंमत जवळपास तेवढीच होती, म्हणजे कर हा खरेदीला आळा घालण्यासाठीच होता. महसुलाच्या मिषाने बंदी आणण्याची ही युक्ती 1937 साली तेथील सर्वोच्च न्यायालयानेही ग्राह्य धरली. गंमत अशी, की हा आकडा पुढे नव्वदाहून अधिक वर्षे बदललाच नाही. महागाईने त्याची धार बोथट केली. आजच्या हिशेबाने त्या 200 डॉलरांचे मोल साडेचार हजारांहून अधिक भरेल.

करापेक्षा त्याच्या मागून येणारा व्यापच अधिक खर्चाचा. अशी शस्त्रे विकण्यासाठी विक्रेत्याला वेगळा व्यवसाय-कर भरावा लागतो, तो वर्षाला 500 डॉलर. त्यामुळे दुकाने थोडी. ग्राहकाने बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यायचे, अर्ज करायचा आणि मंजुरी येईपर्यंत थांबायचे. पैसे दिलेली रायफल तोवर दुकानातच राहते. पूर्वी ही प्रतीक्षा महिनोन्‌महिने चाले. अलीकडे संगणकावरील अर्जांमुळे ती पुष्कळ कमी झाली आहे. माल थोडा, गिर्‍हाईक थोडे, कागद फार. अशा धंद्यात भाव उतरत नाही. सैन्याला यातले काहीच लागू नाही. सैन्याच्या एम-4 कार्बाइनची नळी साडेचौदा इंचांची असते. तशीच रायफल नोंदणीवाचून हवी असेल, तर नागरिक नळीच्या तोंडाशी एक तुकडा कायमचा जोडून घेतो आणि 16 इंच पुरे करतो. दीड इंच पोलादासाठी ही मजुरी.

याहून विलक्षण प्रकार दस्त्याचा. तीच यंत्रणा, तीच साडेदहा इंची नळी, पण खांद्याला टेकवायचा दस्ता नसेल तर कायद्याच्या लेखी ते ‘पिस्तूल’, आणि त्याला या कायद्याची नोंदणी नाही. दस्ता लावला की ती आखूड रायफल. आणि नोंदणीवाचून ती बाळगली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मनगटाला आधार देणार्‍या पट्ट्याचा एक प्रकार निघाला, तेव्हा तो दस्ता की पट्टा, यावर सरकारने 2023 साली नियम काढला आणि 2024 साली न्यायालयाने तो रद्द केला. शस्त्रांवर नियंत्रण असावे, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण अमेरिकेत बंदुकीने होणार्‍या खुनांत, जेथे शस्त्राचा प्रकार नोंदला जातो तेथे, पिस्तुलांचाच वाटा मोठा असतो. आणि वगळली गेली ती पिस्तुलेच. ही फूटपट्टी धोका मोजत नाही, 1934 सालची तडजोड मोजते.

जुलै 2025 मध्ये संमत झालेल्या कायद्याने 1 जानेवारी 2026 पासून आखूड रायफलीवरील कर शून्य केला. नोंदणी, ठसे, मंजुरी हे सारे तसेच आहे. जी रक्कम स्पष्ट दिसत होती ती गेली. उशिराची आणि कागदांची किंमत राहिली.

या मोजपट्टीचे आम्हांला नवल वाटू नये. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यातही बंदुकीची नळी परवान्यावाचून आखूड करण्यास मनाई आहे. ग्वाल्हेरकडील आमच्यासारख्या जुन्या घरांत दसर्‍याला तलवारीशेजारी आजोबांची बारा बोअरची दुनळी मांडली जाई. आज त्या लांब बंदुकीला बाजारात कोणी विचारत नाही. आखूड रिव्हॉल्व्हरला मात्र भाव आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, वारशाने आलेली धरून. थोरले काका गेल्यावर परवाना कोणाच्या नावे करावा, हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. मुले पुण्याला आणि बंगळूरला. अर्ज करून चौकशीला हजर राहण्याची सवड एकालाही नाही. मोडीत काढावी, तर आत्याचे डोळे भरून येतात. तूर्त बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहे, आणि तिची जी किंमत येईल त्याहून अधिक रक्कम आम्ही ठेवणावळीपोटी आजवर भरली आहे. पुढल्या महिन्याचे पैसेही पाठवायचे आहेत.