पुसलेलं उणे चिन्ह

ट्रिटियमच्या बीटा ऱ्हासात मोकळी होणारी ऊर्जा असते १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. एका इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ऊर्जेत मांडलं तर ५११. म्हणजे एक इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे झाला, की चूक उत्तराच्या सत्तावीसपट! बीएस्सीच्या परीक्षेत मी नेमका तो इकडचा तिकडे केला.

ट्रिटियम ३.०१६०४९, हीलियम-३ ३.०१६०२९, दोन्ही अणुवस्तुमान एककात. ऊर्जा काढा, एवढाच प्रश्न होता. केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो हे घोकलेलं, म्हणून त्याचे ०.०००५४९ मी इमानदारीत वजा केले. ९३१.५ ने गुणलं. उत्तर आलं उणे ०.४९ एमईव्ही. याचा अर्थ ट्रिटियमचा आपोआप ऱ्हास होणंच अशक्य; आणि वरच्याच प्रश्नात मी त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं लिहून बसलो होतो. मग मी काय केलं? उणे चिन्ह खोडलं. आकडेमोडीची चूक घाईतली होती, हे खोडणं मात्र पूर्ण शुद्धीत केलेलं.

कोष्टकात असतं ते अख्ख्या अणूचं वस्तुमान. ट्रिटियमच्या अणूत एक इलेक्ट्रॉन, हीलियमच्या अणूत दोन. हीलियमचं वस्तुमान वजा करतानाच तो जादा इलेक्ट्रॉन वजा होऊन जातो. मी त्याला दुसऱ्यांदा वजा केलं. नुसती केंद्रकं घेतली असती, तर वेगळा वजा करणं बरोबर होतं.

पुढे शिकवायला लागल्यावर हा धडा मी इतका जोरात दिला, की पॉझिट्रॉनच्या उदाहरणातही 'इलेक्ट्रॉनला हात लावू नका' म्हणून बसलो. तिथे अणुवस्तुमानं घेतली तर दोन इलेक्ट्रॉनांइतकं वस्तुमान वजा करावं लागतं. एकदा फळ्यावर चारच दशांश स्थळं घेतली आणि ३.०१६० मधून ३.०१६० गेले, वर्ग हसला.

पण खरी विकेट काढली ती एका मुलीनं. "सर, ट्रिटियमची बंधनऊर्जा ८.४८ एमईव्ही, हीलियम-३ ची ७.७२. घट्ट बांधलेलं केंद्रक सैल का होईल?" मी 'कोष्टक जुनं असेल' असं काहीतरी पुटपुटलो. कोष्टक ठणठणीत होतं. न्यूट्रॉन हा हायड्रोजनच्या अणूपेक्षा ०.७८२ एमईव्हीनं जड असतो. न्यूट्रॉनचा प्रोटॉन झाला की तेवढी ऊर्जा हाती येते. बंधन सैल करण्यात तिच्यातली ०.७६४ खर्च होते. उरते ०.०१८, जवळजवळ सगळं उडवून झाल्यावर राहिलेली चिल्लर. पुढच्या तासाला तिला हे सांगितलं, कोष्टकाला उगाच दोष दिल्याचंही सांगितलं.

ही चिल्लरसुद्धा एकट्या इलेक्ट्रॉनला मिळत नाही. प्रतिन्यूट्रिनो वाटा उचलतो आणि इलेक्ट्रॉनच्या पदरी सरासरी ५.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट पडतात. म्हणून ट्रिटियमचे किरण त्वचेचा वरचा मृत थरही ओलांडत नाहीत. माझं ४९० चं उत्तर खरं असतं, तर ते सहज आत गेले असते. परीक्षेत एवढं सुचलं असतं तरी खाडाखोड थांबली असती.

हीलियमच्या केंद्रकाला बसणारा मागचा धक्का मी पूर्वीपासून सोडून देत आलो. तो जास्तीत जास्त ३.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरतो, त्यामुळे वर्गात चालून जातं. जर्मनीत कार्ल्सरूहच्या कॅट्रिन प्रयोगाला मात्र ही सूट नाही. ट्रिटियमच्या इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जा मोजून २०२५ मध्ये त्यांनी न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची कमाल मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणली. मी सोडून दिलेला आकडा याच्या साडेसातपट भरतो.