तीन थकबाकीदार

‘हेरा फेरी’चा मला राग होता. साधी नावड नव्हे, राग. प्रियदर्शनचा हा सिनेमा ३१ मार्च २००० ला आला. मी तेव्हा एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात होते, आणि मार्चअखेर म्हणजे काय, हे त्या खात्यात काम केलेल्यालाच कळतं. थकलेल्या हप्त्यांसाठी दारं वाजवायची, जामीनदारांना फोन करायचे, बहाणे ऐकायचे. पुढे सिनेमा पाहिला तर तेच बहाणे करणारी माणसं पडद्यावर नायक, आणि अख्खं थिएटर त्यांच्या बाजूने हसतंय. धडधाकट पुरुष, कष्ट नकोत, एका फोनवर लखपती व्हायचंय. त्यात घरमालक बाबूराव गणपतराव आपटे: जाड भिंगांचा चष्मा, दारूची सवय, मराठी वळणाची हिंदी. मराठी माणसाची टिंगल चाललीय, असंही वाटलं आणि ते खुपलं.

निवृत्तीनंतर तो पुन्हा सलग पाहिला. आज मी ठामपणे म्हणते, की हा हावरट माणसांचा सिनेमा नाही. हा कर्जात बुडालेल्या माणसांचा सिनेमा आहे.

कुणाला पैसा कशासाठी हवाय, तेवढं पाहत जा. बाबूरावाकडे राहायला आलेल्या श्यामच्या डोक्यावर गावाकडचं देणं आहे. वडील बँकेत नोकरीला असताना गेले, त्यांच्या जागी आपल्याला घेतील या आशेवर तो शहरात येऊन बँकेचे उंबरे झिजवतो. त्याच जागेवर अनुराधा नावाच्या मुलीचाही तसाच दावा, आणि तिच्या घरी आजारी आई. अनुकंपा तत्त्वावरचे अर्ज मी जवळून पाहिलेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली उमेशकुमार नागपाल प्रकरणात स्पष्ट केलं, की अशी नोकरी हा वारसाहक्क नाही; कमावता माणूस गेल्यावर कोसळलेल्या घराला सावरण्यापुरती ती सवलत आहे. निकाल मला पटतो. पण एकाच जागेसाठी दोन कोसळलेली घरं समोरासमोर आली तर त्या दोन माणसांनी एकमेकांच्या डोळ्यांत कसं पाहायचं? श्याम आणि अनुराधाच्या प्रत्येक प्रसंगात तो प्रश्न आहे, आणि मी तो पहिल्या वेळी पाहिलाच नव्हता.

श्यामला शोधत येणारा ओम पुरींचा खडक सिंगही तसाच. त्याचा अवतार पाहून लोक हसतात. पण तो सावकार नाही. बहिणीचं लग्न ठरलंय आणि त्याला स्वतःचेच दिलेले पैसे परत हवेत. घेणेकरी आणि कर्जदार दोघेही तितकेच अडलेले, हे वसुलीच्या कागदावर कधी उमटत नाही.

बाबूरावाचा दुसरा भाडेकरू राजू. त्याची आई वृद्धाश्रमात आहे आणि आपला मुलगा मोठा नोकरदार आहे, असं तिला वाटतं. यावरून मला एक दार आठवतं. कर्जदार घरी होता, आतून त्याच्या आईने विचारलं, कोण आलंय? तो म्हणाला, गॅस एजन्सीच्या बाई आहेत. मी मान हलवली, पुस्तक कधी आणायचं ते सांगितलं आणि निघून आले. त्या दिवशीच्या अहवालात ‘कर्जदार भेटला नाही’ असं लिहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. तेव्हा मला ती माझी कमजोरी वाटली होती. आता तसं वाटत नाही.

आणि बाबूराव. परेश रावल यांना या भूमिकेसाठी विनोदी कामाचं फिल्मफेअर मिळालं, ते योग्यच. पण माझी नजर आता दुसरीकडे जाते. राजूने भाडं थकवलंय, बाबूराव त्याला रोज शिव्या घालतो, आणि बाहेर मात्र काढत नाही. थकबाकीदाराबरोबर एकाच छपराखाली राहणारा घेणेकरी मला नोकरीत एकही भेटला नाही. त्या घरात त्याच्यावर चिडण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण आसरा देणारा तोच आहे. मराठी माणसाची टिंगल म्हणून मी ज्याच्यावर रुसले होते, तो त्या सिनेमातला सर्वांत मोठ्या मनाचा माणूस निघाला.

‘हेरा फेरी’ केरळमधल्या एका सिनेमावर बेतलेला आहे, हे कळल्यावर बरंच उलगडलं. सिद्दीक-लाल या जोडीचा ‘रामजीराव स्पीकिंग’ १९८९ चा. तिथे बाबूरावाच्या जागी बंद पडलेल्या नाटक कंपनीचा मालक आहे, आणि तो केला आहे इनोसंट यांनी. त्याआधी १९८७ मध्ये ‘नाडोडिक्काट्टु’ आला, त्याची मूळ कल्पनाही याच जोडीची. त्यातला दासन बी.कॉम. होऊन शिपायाची नोकरी करतो, मित्राबरोबर गाई पाळून पाहतो, मग दोघं दुबईला निघतात आणि त्यांना उतरवलं जातं मद्रासच्या किनाऱ्यावर. शिकलेल्या, रिकाम्या हातांच्या पोरांचं ते केरळ. विनोद तिथून आला म्हणूनच त्याला इतकी धार आहे.

एका गोष्टीवर मी अजून अडून आहे. डिरेक्टरीतल्या घोळामुळे ‘स्टार फिशरीज’साठीचा खंडणीचा फोन बाबूरावाच्या ‘स्टार गॅरेज’मध्ये येतो, आणि हे तिघं पळवल्या गेलेल्या एका मुलीच्या आजोबांकडे वाढवून रक्कम मागायचं ठरवतात. आपल्या गरजेपोटी दुसऱ्याच्या घाबरण्यावर पैसे कमवायचे, हे मला आजही सहन होत नाही. तिथे मी हसत नाही.

‘फिर हेरा फेरी’ (२००६) मला तितका भावला नाही, कारण तिथे ही माणसं खरोखरच श्रीमंत होऊन आणखी श्रीमंतीच्या मागे लागलेली आहेत; एकवीस दिवसांत पैसे दुप्पट. तरी त्यातही राजपाल यादवचा पप्पू दुसऱ्याकडून उसने आणून यांना देतो, आणि साखळी पुन्हा कर्जावरच येते.

जानेवारी २०२५ मध्ये दादरला ‘टोरेस’ या कंपनीच्या दुकानासमोर पैसे अडकलेल्या गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. आठवड्याला परतावा देण्याच्या वचनावर भाजी विकणाऱ्यांनीही तिथे पैसे घातले होते. ओळखीचे लोक म्हणाले, हाव, दुसरं काय. पूर्वी मीही हेच म्हटलं असतं. या वेळी मी त्यांना विचारलं, की त्या भाजीवाल्याला कुणाचं काही देणं होतं का, हे तुम्हाला माहीत आहे का?