दीड सुताचा तळ

पाटीवर पेन्सिल उभी धरून ओढली की जी किरकिर निघते, तिच्यापायी मिरजेच्या शाळेत मी बाईंची पट्टी खाल्लेली आहे. अख्खा वर्ग दात आवळून कानांवर हात ठेवायचा आणि मला त्यात कोण आनंद! आता पन्नाशी उलटली. पेनसिल्व्हेनियातल्या घराच्या गॅरेजात लाकडाचं लेथ मांडलंय आणि तीच किरकिर मनासारखी निघावी म्हणून रात्री अकरा-अकरापर्यंत मी त्याच्यापुढे उभा असतो.

मी टर्कीचे कॉल करतो, म्हणजे त्या पक्ष्याचा आवाज काढायची साधनं. इकडे एप्रिल संपता संपता जंगली टर्कीच्या नराच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्याचा माग काढत, दबकत जाऊन गोळी घालायची नाही. आवाज देऊन त्याला जवळ बोलवायचं, असा या राज्याचा नियमच आहे. बोलवायचं ते मादीच्या आवाजात. गंमत अशी की जंगलात नर ओरडतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी ही रीतच उलटी करू बघतो. मग नर बरेचदा साठ-सत्तर पावलांवर अडून बसतो आणि 'तूच ये' म्हणून गळा फुगवून ओरडत राहतो.

हा आवाज काढायच्या तऱ्हा पुष्कळ. मूळ रहिवासी टर्कीच्या पंखाच्या पोकळ हाडातून हवा ओढून तो काढत. हेन्री गिब्सन नावाच्या आर्कान्सातल्या माणसाने 1897 मध्ये झाकण घासून वाजणाऱ्या लाकडी पेटीचं पेटंट घेतलं. ती पेटी सुंदर वाजते, पण ती सुतारकामाची वस्तू. माझा जीव जडला तो पॉट कॉलवर, कारण तो गोल असतो आणि गोल म्हटलं की लेथ आलं.

तळहातात मावेल अशी साडेतीन-चार इंच व्यासाची उथळ लाकडी डबी. तोंडावर पाटीच्या दगडाची चकती बसवलेली. तिच्याखाली, आतल्या पोकळीत, लाकडाचाच एक छोटा चौथरा आणि त्यावर चिकटवलेली काचेची चकती. तळाला भोकांचं कडं. सोबत आठेक इंचांची कातीव काडी, तिला स्ट्रायकर म्हणतात. आमच्या घरी तिचं नाव 'बारकं लाटणं'. डबी बोटांच्या टोकांवर धरायची, तळवा लागू द्यायचा नाही, नाहीतर भोकं बुजतात. काडी पेन्सिलीसारखी तिरपी धरून टोक न उचलता दगडावर छोटी वेटोळी काढायची. टोक दगडाला चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, सेकंदाला शेकडो वेळा. व्हायोलिनच्या तारेवर गज करतो तेच.

दगड इथलाच. लीहाय खोऱ्याच्या वरच्या अंगाला बँगर, पेन आर्जिल ही गावं पाटीच्या खाणींवरच वसली. वेल्समधून आलेल्या खाणकामगारांनी तिथून छपरं काढली, बिलियर्डची टेबलं काढली, शाळांचे फळे काढले. आता कापलेल्या चकत्या मी विकत घेतो, पण पहिला दगड अशाच एका जुन्या फळ्याचा तुकडा होता, पॉलिश पेपरवर घासून घासून सूतभर जाडीचा केलेला. हाताला ती करडी धूळ लागली आणि वासाने मी थेट पहिलीच्या वर्गात.

इंजिनिअरिंगला मी लोखंडाच्या लेथवर शिकलो. तिथे टूल पोस्टमध्ये आवळलेलं असतं. हँडल फिरवायचं आणि आकडा वाचायचा. लाकडाच्या लेथवर हत्यार तुमच्या हातात असतं, आणि चूक झाली तर ठोकळा छातीकडे येतो. मराठीत या कामाला कातणं म्हणतात आणि करणारा तो कातारी: पाळण्याचे खुंट, लाटणी, भोवरे करणारा. चार इंची चौकोनी, इंचभर जाडीचा अक्रोडाचा ठोकळा चकमध्ये धरला, की आधी कोपरे उडतात, ठक-ठक-ठक. मग तो गोल होत जातो, ठोके जवळ येत येत त्यांची एक सलग घरघर होते आणि लांब, ओल्या वाटाव्यात अशा ढलप्या मनगटावरून वाहू लागतात. दगड बसायची खाच काढायची ती कागदभर सैल. घट्ट बसवला तर दगड घुसमटतो. मग पोकळी खोदायची, मधला चौथरा राखून. काच आणि दगड यांच्यात दोन सूत जागा. शेवटी तळ.

तळ दीड सूत ठेवायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, गावाकडच्या सुतारांचं माप. इथल्या फुटपट्टीवर ते नेमकं बसतं. पण फिरत्या डबीत फुटपट्टी घालता येत नाही आणि दर वेळी मशीन थांबवलं तर हाताची लय मोडते. म्हणून मी ऐकतो. तळ जाड असतो तोवर हत्याराचा आवाज भरड आणि बसका असतो. तो पातळ होत आला की आवाज वर चढतो, किंचित पोकळ होतो, आणि एका जागी शिट्टीसारखा गळा काढतो. तिथून पुढे एक हलका हात, आणि हत्यार बाहेर.

ही अक्कल यायला सहा डब्या गेल्या. त्या सहाही दिसायला देखण्या होत्या. आतून-बाहेरून आरशासारख्या घासलेल्या, दगडही गुळगुळीत. आणि सगळ्या मुक्या! त्यांतून निघायची ती एक गोड, सरळ शीळ. मादीची हाक दोन सुरांची असते: वरचा स्वच्छ, आणि खालचा घोगरा, फाटका. वरून खाली येताना मध्ये आवाज मोडतो, वयात येणाऱ्या पोराचा मोडतो तसा. ते मोडणंच नसेल तर जंगलात कुणी मान वळवून बघत नाही.

मला हे उशिरा कळलं याची लाज वाटते, कारण मी मिरजेचा. शाळेतून येताना सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना मी तासन् तास बघितलंय. घोडीवर एक हात मारायचा, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा एक हात. तारेने घोडीला नुसतं टेकून चालत नाही, साफ सुटूनही चालत नाही. निसटता निसटता तिने घासत जायचं, तेव्हा तंबोरा बोलतो. एका कारागिरांना मी विचारलं होतं, "किती घासायचं ते कसं कळतं?" ते मान वर न करता म्हणाले, "घरी जा, आई वाट बघत असेल."

तर आता माझे दगड खरबरीत असतात. भांडी घासायच्या हिरव्या चोथ्याने एकाच दिशेने ओरखडे घालतो आणि काडी त्यांना आडवी ओढतो. दगडाला आणि काडीच्या टोकाला बोट लागू देत नाही. बोटाच्या तेलाने टोक घसरतं आणि आवाज मरतो. काडी हिकरीची, डोक्याशी थोडी जड. एकाच डबीवर तीन काड्या तीन माद्यांसारख्या बोलतात, आणि तसं का होतं हे मला अजून पुरतं सांगता येत नाही.

चेरीच्या एका डबीने मात्र मला चांगलंच शिकवलं. इथलं चेरीचं लाकूड नावाजलेलं, रंग तर गुळाच्या पाकासारखा. ऑक्टोबरात घाईने, पुरतं न वाळलेलं लाकूड घेऊन कातलं. वाजली इतकी सुरेख की शेजाऱ्यांना दाखवायला नेली. फेब्रुवारीत, घरातल्या हीटरने हवा पापडासारखी कोरडी झाली असताना, कपाटातून 'टक' असा आवाज आला. लाकूड रेषेच्या आडव्या अंगाने जास्त आकसतं. डबी अंडाकृती झाली आणि तिने दगड मधोमध फोडला. ती अजून खिडकीत ठेवली आहे.

आईला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बायकोच्या आवाजात हाक मारायची आणि नवरा आला की त्याला मारायचं?"

"मी मारत नाही गं."

"मग हाक तरी कशाला मारतोस?"

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने जवळजवळ संपला होता. 1973 मध्ये नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन स्थापन झालं तेव्हा देशभरात ते तेरा लाखांच्या आसपास होते. आता ते साठ लाखांच्या घरात आहेत, आणि त्यामागे परवान्यांचा, वर्गण्यांचा पैसा शिकाऱ्यांचाच आहे. हे आकडे मला पाठ होते. पण आईचा प्रश्न आकड्यांचा नव्हता, म्हणून मी विषय बदलून पावसाचं विचारलं.

शेजारचे म्हातारबुवा सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभराच्या बंदुकीने त्यांचे कान गेलेत. वरचे सूर आता ऐकू येत नाहीत. माझा कॉल ते बोटांनी पारखतात, डोळे मिटून. डबीची थरथर आवडली तर मान हलते. गेल्या मे महिन्यात त्यांनी मला सोबत नेलं, कान म्हणून. अंधारात ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसलो. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, हे त्यांनी दोनदा बजावलं होतं. नराच्या डोक्याचे रंग तेच, आणि दुसरा कुणी शिकारी चुकून आपल्यावरच नेम धरायचा.

उजाडता उजाडता मी अक्रोडाची डबी काढली आणि तीन हाका दिल्या. दूर टेकडीवर नर ओरडला. मी म्हातारबुवांच्या गुडघ्याला दिशा दाखवली. पुन्हा हाक दिली. आणि डाव्या अंगाने, वाळल्या पानांतून तरातरा चालत, एक मादी आली. मान ताठ. मी काडी ओढली तशी तिने मला तोडून टाकल्यासारखं उत्तर दिलं, माझ्यापेक्षा दुप्पट फाटक्या आवाजात. मी थांबलो तर तीच सुरू झाली. माझ्या झाडाभोवती अर्धा फेरा घातला, आपल्या हद्दीत ही कोण सटवी घुसली ते शोधत. पंधरा पावलांवर तिचा गळा हलताना दिसत होता. म्हातारबुवांची बंदूक मांडीवरच होती. वसंतात दाढीवाल्या पक्ष्यालाच मारता येतं, आणि दाढी म्हणजे छातीवरचा राठ, केसांसारख्या पिसांचा झुबका. तिला तो नव्हता. टेकडीवरचा नर केव्हाच गप्प झाला होता.

दुपारी घरी आलो. डबीच्या तळावर मी लाकूड, दगड, नंबर आणि साल लिहून ठेवतो. ते आधीच लिहिलेलं होतं. भोकांच्या मध्ये थोडी जागा उरली होती, तिथे बारीक पेन्सिलीने लिहिलं: साडेसहा वाजता एक मादी भांडायला आली.