दावणीला उरलेल्या जनावरांचे काय?

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीचे पाणी माढा, मोहोळ, करमाळा तालुक्यांतल्या वस्त्यांमध्ये घुसले. जनावरांपुरती सरकारी मदतीची मोजणी नेहमीप्रमाणे मेलेल्यांपासून सुरू झाली. आपत्ती निधीच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये, बैलाला 32,000, शेळी-मेंढीला 4,000 आणि कोंबडीला 100 रुपये धरले आहेत. 7 ऑक्टोबरच्या मदत पॅकेजमध्ये राज्याने कुटुंबामागे तीनच मोठ्या दुभत्या जनावरांची अट काढली, हे चांगलेच झाले. पण पशुपोषण हा माझा विषय असल्याने माझे लक्ष दुसऱ्या बाजूला जाते. ही मदत मरणाची भरपाई करते, आणि पुरानंतर गोठा मोडतो तो बहुतेकदा जगलेल्या जनावरांच्या पोटापायी.

कडब्याची गंज भिजली की आतून तापते आणि बुरशी धरते. मुरघासात पुराचे पाणी शिरले की तो सडतो, उभा मका आडवा होतो. दुभत्या गाईला रोज साधारण 20 ते 25 किलो हिरवी वैरण आणि 5-6 किलो कडबा लागतो. हा चारा आठ-दहा दिवस मिळाला नाही की दूध आटते आणि ऐन वेतात आटलेले दूध पुढच्या वेतापर्यंत पूर्वीच्या पातळीवर क्वचितच येते. त्यात चिखलात बसून कासदाह होतो तो वेगळाच. समजा, चार गाईंचे दूध प्रत्येकी पाच लिटरने घटले आणि भाव लिटरला 30 रुपये आहे. रोजचे 600 रुपये गेले. म्हणजे दोन महिन्यांत जवळपास एका मेलेल्या गाईच्या मदतीएवढी रक्कम बुडाली. पंचनाम्यात मात्र या गोठ्याचे पशुधनाचे नुकसान शून्य. दहा दिवसांचे दुधाचे बिल निम्म्यावर येते, पेंडीची उधारी तशीच राहते, आणि शेवटी चांगल्या पंढरपुरी म्हशीला पडत्या भावात बाजार दाखवावा लागतो.

निकषांत चाऱ्याची तरतूद आहे, असे कोणी म्हणेल. आहे, मोठ्या जनावरामागे रोज 80 आणि लहानामागे 45 रुपये. पण ती चारा छावणीशी बांधलेली आहे आणि छावणी हा दुष्काळाचा उपाय. दुष्काळ पावलापावलाने येतो, म्हणून सांगोला-मंगळवेढ्याच्या दुष्काळी पट्ट्यात प्रस्ताव, मंजुरी, दावणी असा क्रम चालून जातो. पूर एका रात्रीत येतो. मंजुरी येईपर्यंत दूध आटलेले असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वैरण वाटपात गळती होते, छावण्यांत कागदोपत्री जनावरे उभी राहतात. हे खरे आहे. पण जनावराच्या कानात आता बारा अंकी बिल्ला असतो आणि तो नसेल तर मृत्यूची मदतही नाकारता येते, असा नियम राज्याने 2024 मध्येच केला. जो क्रमांक मेलेल्या जनावराची ओळख पटवतो, तोच जिवंताचीही पटवेल. शिवाय दूध संकलन केंद्राच्या नोंदीत पुराआधीचे आणि नंतरचे लिटर समोरासमोर मांडता येतात.

मग मृत्यूची मदतच बाजारभावाएवढी का करू नये? कारण आपत्ती निधी हा तातडीचा आधार आहे, जनावराची पूर्ण किंमत भरून देणे हे विम्याचे काम. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेतकऱ्याला हप्त्याचा 15 टक्केच वाटा भरावा लागतो. जोर तिथे द्यावा. निधीतला जास्तीचा रुपया वैरणीवर खर्चावा: पाणी ओसरताच तीन दिवसांत, बिल्ल्यामागे पंधरा दिवसांचा कडबा, पेंड आणि खनिज मिश्रण, वस्तीवर पोच. वाहून गेलेली गाय परत येत नाही, पण दावणीला उरलेलीचे वेत वाचवता येते. त्यासाठी पंचनाम्यात मेलेल्या जनावरांच्या रकान्याशेजारी उरलेल्यांचा आणि भिजलेल्या वैरणीचा असे दोन रकाने वाढवले, तरी सुरुवात होईल.