धारणीच्या रांगेत

मुक्तागिरीच्या बावन्न मंदिरांची वंदना करून परतवाड्यास उतरणारे आपले बहुतेक यात्रेकरू अमरावतीचा रस्ता धरतात. गेल्या होळीनंतर आम्ही उभयतां आणि माझी धाकटी बहीण मात्र मेळघाटात शिरलो. सेमाडोह, हरिसाल मागे टाकीत, सागाच्या रानातून वळणे घेत गाडी धारणीकडे निघाली. वाटेत कोरकू स्त्रिया रस्ता अडवून हसतमुखाने ‘फगवा’ मागत होत्या.

सायंकाळी धारणीजवळच्या एका ढान्यात नृत्य पाहण्याचा योग आला. पुरुष ढोल व बासरी वाजवीत होते. स्त्रिया हातात हात गुंफून रांगेने पुढे-मागे होत होत्या. सूचना देणारा कोणी नव्हता. ढोलाचा ठेका बदलला की रांग वळे. शेजारी उभ्या असलेल्या गुरुजींनी त्यांच्या भाषेची गोष्ट सांगितली. कोरकू ही संथाली, मुंडारीच्या कुळातील. ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्याचे अनेकवचन ‘कोरकू’. या भाषेच्या मूळ व्याकरणात सजीव-निर्जीव असा भेद आहे. मराठीसारखे ‘आला’, ‘आली’ असे क्रियापद बदलत नाही. अर्थात, एवढ्याने समाजातले भेद मिटतात असे नव्हे. ढोल पुरुषांच्याच गळ्यात होता.

इतक्यात एका वृद्धेने माझ्या बहिणीचा हात धरून तिला रांगेत ओढले. ती कोणाची कोण, हे विचारलेही नाही. बहीण नाचली.

मी मात्र अस्वस्थ झालो. आमच्या स्नेहमेळाव्यात दांडियाच्या वेळी ध्वनिक्षेपक माझ्याकडे असतो. “पुरुष बाहेर, सौभाग्यवती आत, जोडप्यांनी पुढे यावे,” ही माझी ठरलेली हाक. मेहुणे गेल्यापासून तीन वर्षे बहीण खुर्चीवर बसून इतरांच्या पर्स सांभाळते. तिला कोणी मनाई केली नव्हती. माझ्या हाकेत तिला जागाच नव्हती.

अमेरिकेतील ‘कॉन्ट्रा’ या सामूहिक नृत्यातही पूर्वी ‘सद्गृहस्थ’ व ‘स्त्रिया’ अशी हाक असे. आता अनेक ठिकाणी ‘लार्क’ आणि ‘रॉबिन’ अशी पक्ष्यांची नावे घेतात. ज्याला जी बाजू हवी ती त्याने घ्यावी. आपल्याला इतके दूर जाण्याचीही गरज नाही. भगवान महावीरांच्या चतुर्विध संघात साधू, साध्वी, श्रावक, श्राविका अशी चार स्थाने आहेत. श्राविका ही आपल्या श्रद्धेने व व्रतांनी श्राविका असते. पती गेल्याने ते स्थान जात नाही.

यंदा मी “आतली रांग, बाहेरची रांग” एवढेच म्हणणार आहे. बहिणीला अद्याप सांगितलेले नाही. टिपऱ्यांचा एक जादा जोड मात्र आणून ठेवला आहे.