लखनौच्या चौकातलं पानदान

लखनौचा चौक म्हणजे चार रस्ते मिळतात ती जागा नव्हे. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत पसरलेली ती एक जुनी बाजारपेठ आहे. नवाब असफउद्दौला यांनी १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली आणि या भागाचे दिवस पालटले. आजही इथे चिकनचे कुर्ते आहेत, अत्तराच्या कुप्या आहेत, हिवाळ्यात सकाळी मिळणारी फेसासारखी हलकी मक्खन मलाई आहे. टुंडे कबाबींचं १९०५ पासूनचं दुकानही इथलंच.

हे सारं पाहून झालं, की जुन्या भांड्यांच्या एखाद्या दुकानात जरूर डोकवा. घुमटाकार झाकणाचा, वर कडी असलेला जड गोल डबा दिसेल. हेच पानदान.

एका डब्यात सारा सरंजाम

चौकातल्या एका जुन्या घरी वयस्कर गृहिणीने आम्हाला आपलं पानदान उघडून दाखवलं. वरच्या तबकात वाट्या अगदी घट्ट बसवलेल्या होत्या. इथे त्यांना कुल्हिया म्हणतात. कात आणि चुन्याच्या वाट्यांना झाकणं आणि प्रत्येकीत आपापली छोटी चमची. एकाची चमची दुसऱ्यात बुडाली, तर दोन्हींची चव गेली! बाकीच्या वाट्यांत सुपारी, वेलदोडे, लवंगा. तबक उचललं की खालच्या मोकळ्या जागेत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. ती खाली थंडाव्यात राहतात आणि वरच्या कोरड्या जिनसांना ओल लागत नाही. डबा बहुधा तांब्याचा किंवा पितळेचा. काताचा तुरटपणा धातूला लागू नये म्हणून आतून कल्हई हवीच.

बोलता बोलता त्यांनी पान लावलंदेखील. नजर आमच्याकडे आणि हात डब्यात! "न बघता कसं जमतं?" असं विचारल्यावर त्या हसल्या. "बेटी, चाळीस वर्षांत मी एकही वाटी जागची हलू दिलेली नाही. सुनेलाही पहिल्या दिवशी तेच सांगितलं."

तयार विडे ठेवायचं खासदान वेगळं, पिकदाणी वेगळी आणि सरोता, म्हणजे आपला अडकित्ता, तोही वेगळा. लखनौच्या राहणीमानावर सविस्तर लिहिणारे उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर (१८६० ते १९२६) यांनी पान आणि पानदानाचीही दखल घेतली आहे.

खिसा नसेल तर?

आपल्याकडच्या आजीबाईंना हे नवं वाटणार नाही. लुगड्याला खिसा नसतो. म्हणून कमरेला चंची आली. कापडाच्या तिच्या कप्प्यांत पानं, सुपारी, कात, चुन्याची डबी असे आणि शेवटी नाडीचे वेढे घेऊन ती खोचली जाई. अंधाऱ्या माजघरातही हवा तो कप्पा बोटांना सापडायचा.

गंमत म्हणजे, हाच प्रश्न आज समुद्राच्या तळाशी जाणाऱ्यांनाही पडतो. मालवण-तारकर्लीला अनेक मराठी कुटुंबं हौसेने स्कूबा करून येतात. तिथे सिलिंडर पाठीवर असतो. साइडमाउंट नावाच्या प्रकारात मात्र तो दोन्ही कुशींना, काखेखाली अडकवतात. अरुंद गुहांत शिरणाऱ्या पाणबुड्यांनी ही पद्धत रूढ केली. अंगाला चिकटून बसणाऱ्या रबरी पोशाखाला बहुधा खिसे नसतात, आणि दोन्ही बाजू सिलिंडरांनी अडलेल्या. मग जादा मुखवटा, छोटी सुरी, टॉर्च, दोरीचं रीळ ठेवायचं कुठे? काही वस्तू पट्ट्याच्या कड्यांना ठरलेल्या जागी, काही कमरेमागच्या पिशवीत. लोंबतं काहीच ठेवायचं नाही. ते जाळ्यात अडकतं किंवा प्रवाळ मोडतं. गाळ ढवळला गेला, की स्वतःचा हातही दिसत नाही. तेव्हा सुरी नेमकी कुठे आहे हे बोटांना ठाऊक नसेल, तर जिवावर बेतू शकतं.

खर्च-ए-पानदान

पानदानाशी जिवाचा नव्हे, पण बाईच्या हक्काचा संबंध होता. भल्यामोठ्या हवेलीतही तिच्या एकटीचा म्हणावा असा कोपरा कमीच. पानदान मात्र तिचं. खालच्या कप्प्यात पानांशेजारी चार पैसेही राहत. उत्तरेकडच्या खानदानी मुस्लिम घरांत लग्नाच्या वेळी सुनेला दरमहा ठरावीक रक्कम लिहून देण्याची चाल होती. तिचं नावच 'खर्च-ए-पानदान'!

हे नुसतं कौतुकाचं नाव नव्हतं. १८७७ मध्ये हुसैनी बेगम यांच्या लग्नापूर्वी त्यांच्या सासऱ्यांनी दरमहा ५०० रुपये देण्याचा करार केला. वधूवर दोघंही अज्ञान, म्हणून करार दोघांच्या वडिलांमध्ये झाला. पुढे १८९६ मध्ये बेगम सासर सोडून वेगळ्या राहू लागल्या आणि थकलेल्या रकमेसाठी त्यांनी दावा लावला. "करारात ही बाई पक्षकारच नाही" असा बचाव झाला. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९१० मध्ये निकाल लागला तो बेगमच्या बाजूने. करार तिच्यासाठीच झाला आहे, म्हणून ती पैसे मागू शकते. ते तिने कसे खर्च करावेत यावर नवऱ्याचा ताबा नाही, असं न्यायाधीशांनी मानलं. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला अभ्यासतात.

जाल तेव्हा

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेस थेट लखनौला जाते. चारबाग स्टेशनवरून चौकात जायला रिक्षा मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पानदान घ्यायचं ठरवलंत, तर तबक उचलून पाहा, सगळ्या वाट्या आणि झाकणं मूळचीच आहेत ना याची खात्री करा, कल्हई तपासा. पान खाण्यासाठी मात्र ते घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारी कर्करोगकारक असल्याचं स्पष्ट केलं आहे, तंबाखू नसली तरीही. पण कल्हई केलेल्या या डब्यात मसाले छान राहतात, सुयादोरे-बटणंही राहतात. आणि खालचा कप्पा? तो घरच्या बाईच्या स्वतःच्या पैशांसाठी मोकळा ठेवा.