आडोसा

दिल्लीच्या परिसरात वाऱ्याला ऋतूगणिक वेगळे नाव आहे. ज्येष्ठात तो लू होऊन अंग भाजतो, पावसाच्या तोंडाशी धुळीचे लोट उठवीत आंधी होऊन येतो, आणि कार्तिकापासून पौषापर्यंत बहुधा तो येतच नाही. त्या स्तब्ध महिन्यांत धूर, धूळ आणि धुके एकमेकांत मिसळून शहरावर बसून राहतात. माणसे खिडकीतून पाहतात, झाडाचे पान हलते का याची वाट बघतात. वारा सुटला की साऱ्या नगरीचा जीव खाली पडतो.

फरिदाबादच्या एका जुन्या सेक्टरात मात्र असा एक गृहस्थ राहतो, की ज्याने काही काळ वारा पडण्याची वाट पाहिली. मूळचा तो सांगलीकडचा. १९८१ साली तेविसाव्या वर्षी नोकरीसाठी तो इकडे आला आणि यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आरेखक म्हणून सदतीस वर्षे राहिला. नकाशावर दोन पत्रे जिथे जोडायचे तिथे एक बारीक बाण काढायचा, त्याच्या शेपटाशी एक त्रिकोण ठेवायचा आणि जोडाची जाडी लिहायची, हे काम त्याने सहस्रावधी वेळा केले. त्या बाणाच्या टोकाशी प्रत्यक्षात काय घडते हे त्याने काचेआडून पाहिले होते. हाताने कधी केले नव्हते. निवृत्तीनंतर, २०१९ मध्ये, मोटार नसलेल्या आपल्या गॅरेजसाठी त्याने घरगुती विजेवर चालणारे एक छोटे मिग यंत्र घेतले, ते बहुधा ही उणीव भरून काढण्यासाठीच.

निमित्त मात्र झोपाळ्याचे होते. पत्नीचे माहेर वाईचे. तिथल्या माजघरातला पितळी कड्यांचा झोपाळा तिच्या बोलण्यात चाळीस वर्षे येत होता. फरिदाबादच्या घराला तुळया नव्हत्या, कड्या अडकवायला जागा नव्हती. तेव्हा चौकोनी नळ्यांची चौकट उभारून तिच्यावर झोपाळा टांगावा असे ठरले. चौकट म्हणजे चार पाय, एक आडवा दांडा आणि अठरा जोड. कुंडीचा मांडव असता तर जोड कसाही चालला असता. पण झोपाळ्यावर माणूस बसते, आणि ते निश्चिंत होऊन बसते.

प्रारंभी त्याने वायूविना चालणारी तार वापरली. ही तार आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत भरलेली पूड जळून स्वतःच धुराचा एक पडदा निर्माण करते. काम होई, पण जोडावर कवच साचे, ते हातोडीने टिपून काढावे लागे, ठिणग्यांचे दाणे आजूबाजूला चिकटून बसत आणि गॅरेजभर दाट धूर कोंडे. गल्लीच्या तोंडाशी जाळ्या-फाटके करणारे एक वृद्ध कारागीर होते, सारे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी येऊन ते काम पाहिले, बोट फिरवले आणि आपल्या हिंदीत एवढेच सुचवले, की बाबूजींनी आता गॅस आणावा. त्यांच्या बोलीत या यंत्राला मिग असे कोणी म्हणतच नाही. सारा बाजार त्याला ‘सीओटू’ म्हणतो. यंत्र कोणत्या तत्त्वावर चालते यापेक्षा ते कोणत्या वायूच्या आडोशाला चालते, यावरून कारागिरांनी त्याचे नाव ठेवले, हे त्या आरेखकाला फार अर्थपूर्ण वाटले.

आडोसा हाच खरा शब्द. विजेच्या ज्योतीखाली पोलाद वितळून तांदळाच्या चार दाण्यांएवढे जे तळे तयार होते, त्याचा शत्रू म्हणजे आपण जिच्यावर जगतो ती हवा. तिच्यातला ऑक्सिजन वितळलेल्या लोखंडाला भिडून त्याचा गंज करतो. नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या उष्णतेत तो धातूत विरघळतो आणि धातू थिजू लागला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू पाहतो. जे बुडबुडे बाहेर पडू शकत नाहीत ते आत पोकळी होऊन राहतात. म्हणून तारेच्या भोवतीच्या तोटीतून सतत एक वायू वाहता ठेवायचा आणि ते तळे थिजेपर्यंत त्याच्यावर पांघरूण धरायचे. नुसता कर्बवायू स्वस्त असतो आणि जोड खोलवर नेतो, पण ठिणग्या फार उडवतो. पोलादासाठी केवळ आर्गॉनही चालत नाही. ज्योत बिचकते आणि जोडाच्या कडा पोखरल्या जातात. त्यामुळे चार भाग आर्गॉन आणि एक भाग कर्बवायू अशा मिश्रणाचा सिलिंडर आला. पोकळ तारेच्या जागी भरीव तार बसली, तिच्यासाठी यंत्राच्या धन-ऋण जोडण्यांची अदलाबदल झाली आणि २०२०च्या दिवाळीनंतर काम सुरू झाले.

पहिले नमुने त्याने शिकंज्यात धरून मोडून पाहिले. वरून जोड नितळ होता. आतून तो भोकाभोकांचा होता. पत्नीने तो तुकडा उजेडात धरला आणि म्हणाली, “अहो, याला तर अनारशासारखी जाळी पडलीय.” अनारशाला जाळी पडली की गृहिणीचा हात सुगरणीचा ठरतो, लोखंडाला पडली की भार तोलण्याचे त्याचे वचन खोटे ठरते.

कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. कोपऱ्यात टेबलफॅन फिरत होता. माणसाला जी झुळूक जेमतेम जाणवते, ती त्या अदृश्य पांघरुणाला उडवून लावायला पुरेशी असते. त्याने पंखा तसाच ठेवून वायूचा प्रवाह वाढवला, मिनिटाला दहाबारा लिटरांवरून पंचवीसवर नेला, तर जाळी कमी होण्याऐवजी वाढली. उस्तादांना यात नवल वाटले नाही. वायू जोराने सोडला की तो तोटीतून शांतपणे न उतरता भोवरे करतो आणि ते भोवरे बाहेरची हवाच आत ओढून घेतात, हे त्यांनी आपल्या भाषेत समजावले. पाण्याची धार बारीक असते तेव्हा काचेसारखी दिसते, जोर वाढला की फेसाळते; तसेच हे. रक्षण अधिक केले म्हणून अधिक होत नाही. त्याला एक माप असते, आणि मापापलीकडचे रक्षण शत्रूलाच घरात घेते.

तेव्हा त्याने पंखा बंद केला, प्रवाह पूर्ववत केला आणि गॅरेजचे शटर खाली ओढले. त्या संध्याकाळचे जोड पाहण्यासारखे झाले; एकावर एक रचलेल्या नाण्यांसारखी समान वलये, आणि मोडून पाहिले तर आत घट्ट करडा धातू. अर्ध्या तासाने त्याचे डोके जड झाले. आर्गॉन हवेपेक्षा वजनाने सुमारे दीडपट जड. तो विषारी नाही, पण बंद जागेत तळाशी साचतो आणि श्वासातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. कर्बवायूचा काही अंश ज्योतीत फुटून त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंगही नाही आणि वासही नाही. वर धातूची वाफ असतेच. पत्नीने बाहेरून शटर वर केले आणि काही न बोलता तिथेच उभी राहिली. त्या दिवशी त्याला आपल्या कामातला पेच उमगला. जोडाला निवांत हवा हवी, माणसाला वाहती. जे पांघरूण धातूला वाचवते तेच माणसाचा श्वास कोंडते, आणि दोघेही एकाच खोलीत, हातभर अंतरावर असतात.

आर्गॉनचा इतिहासही त्याने याच काळात वाचला. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने हवेतून नायट्रोजन आणि ऑक्सिजन काढून टाकले, तेव्हा काही केल्या न संपणारा एक लहानसा बुडबुडा उरला होता. त्या बुडबुड्याचा उलगडा व्हायला शंभरांवर वर्षे लागली. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रसायनांतून मिळवलेल्या नायट्रोजनाहून किंचित जड का, या प्रश्नाचा पाठपुरावा करीत रॅले आणि रॅम्झी यांनी १८९४ मध्ये तो वायू ओळखला आणि ग्रीक शब्दावरून त्याला ‘आळशी’ असे नाव दिले. हवेत तो शंभरात एक भागाहूनही थोडा कमी आहे. अर्ध्या लिटरच्या प्रत्येक श्वासाबरोबर चारपाच मिलिलिटर आर्गॉन आपल्या छातीत जातो आणि कशालाही स्पर्श न करता परत येतो. आज हवा थंड करून द्रवरूप करतात आणि तिच्यातून हे वायू वेगळे काढतात. आर्गॉन उकळतो उणे १८६ अंशांना, ऑक्सिजन उणे १८३ला. दोघांत अंतर अवघ्या तीन अंशांचे.

२०२१च्या एप्रिलमध्ये हे तीन अंश त्याला वेगळ्याच प्रकारे भेटले. चौकटीचे अकरा जोड झाले होते. पत्नीला ताप आला, मग खोकला, आणि पाचव्या दिवशी बोटावरच्या त्या छोट्या यंत्रातला आकडा नव्वदच्या खाली उतरला. दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत खाटा नव्हत्या; काही रुग्णालयांतला प्राणवायू संपत आला होता. महिनाअखेरीस केंद्र शासनाने द्रवरूप ऑक्सिजनचा वैद्यकीय कामाखेरीज अन्य सर्व वापर थांबवला आणि आर्गॉन-नायट्रोजन वाहणारे टँकर ऑक्सिजनसाठी बदलून घेतले जाऊ लागले. धातू कापण्यासाठी ज्या कारखानदारांच्या रांगा लागत, त्या दुकानांपुढे आता मुले, भाऊ, शेजारी काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या गळ्याचे सिलिंडर घेऊन रात्रंदिवस उभे होते. त्यांत त्याचा मुलगाही होता.

त्या रात्री गृहस्थ गॅरेजमध्ये गेला. त्याचा सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला होता. काट्यावर नजर टाकण्याची गरज नव्हती, तो मागच्याच आठवड्यात भरून आणला होता. त्याच हवेतून, कदाचित त्याच मनोऱ्यातून तीन अंशांच्या अंतराने निराळा झालेला वायू घरात उभा होता. उंची तीच, पोलाद तेच, झडपही जवळपास तशीच, आणि वर झोपलेल्या माणसाला त्याचा लेशमात्र उपयोग नव्हता. लोखंडासाठी घरात आडोसा होता, माणसासाठी नव्हता. तो बराच वेळ तिथे उभा राहिला. मग त्याने झडप घट्ट आहे ना हे पुन्हा पाहिले आणि वर आला. तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगा भरलेला सिलिंडर घेऊन परतला. ती वाचली. त्याच गल्लीत दोन घरी तसे झाले नाही, आणि त्यांतले एक घर उस्तादांचे होते.

पुढे आठ-नऊ महिने गॅरेज उघडले नाही. हिवाळ्यात एका स्वच्छ दुपारी ती दोघे मेहरौलीला गेली. कुतुबाच्या आवारातला लोहस्तंभ तिने चाळीस वर्षांपूर्वी पाठीमागून हातांनी कवटाळला होता. आता १९९७ पासून त्याच्याभोवती कुंपण आहे. सात मीटरांहून उंच, सहा टनांहून जड असा हा स्तंभ गुप्तकाळच्या लोहारांनी तापलेले लोखंडाचे गोळे एकावर एक ठोकून सांधला. त्यांच्यापाशी वायूचे सिलिंडर नव्हते. कोळशाच्या भट्टीत जळता धूरच धातूला हवेपासून काही अंशी आडवा होतो, आणि घणाच्या घावांनी मळी पिळून बाहेर काढता येते. त्या लोखंडात स्फुरदाचा अंश अधिक, म्हणून कालांतराने त्याच्यावर एक पातळ थर धरला, धातुवैज्ञानिक आर. बालसुब्रमण्यम यांनी या थराचा सविस्तर अभ्यास केला. सोळाशे वर्षे स्तंभ आपल्याच गंजाच्या त्या पापुद्र्याखाली सुरक्षित आहे. माणसांच्या घामेजल्या स्पर्शाने तो झिजू लागला तेव्हा कुंपण घालावे लागले. धातूच्या रक्षणाची ही इतकी निराळी रीत पाहून तो आरेखक बराच वेळ गप्प होता. हवेला दूर न सारता तिच्याशीच समझोता करून उभे राहणारे लोखंड त्याने यापूर्वी असे पाहिले नव्हते.

उरलेले सात जोड २०२२च्या फेब्रुवारीत झाले. शटर आता पूर्ण वर असते. मागच्या झरोक्यात धूर बाहेर ओढणारा पंखा बसवला आहे, पण तो जोडापासून दूर आहे. कामाच्या तिन्ही अंगांना पत्र्याचे वीतभर उंचीचे आडोसे उभे केले आहेत. तेवढ्यापुरती हवा थांबते, बाकीची वाहत राहते. ठिणगी पाडण्यापूर्वी तो एक उदबत्ती पेटवतो आणि पत्र्यांच्या आत धरतो. धूर सरळ वर जाऊन मग पंख्याकडे वळला तर काम करायचे. खालीच विस्कटला तर थांबायचे. उदबत्ती विझवताना तो वर जिन्याकडे कान देतो.

झोपाळा आता व्हरांड्यात आहे. अठरा जोडांपैकी कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, हे त्याच्याखेरीज कुणाला ओळखता येत नाही. संध्याकाळी ती त्यावर बसते. पायाने हलका रेटा देते, दहा-बारा झोके घेते, मग धाप लागते म्हणून थांबते. चौकट आवाज करत नाही. वारा असेल त्या दिवशी दोनचार झोके अधिक होतात.